मायला दाखवलेला नजारा

माझी लेक आणि जावई मागच्या महिन्यात अंदमानला जाऊन आले. आल्यावर चार दिवस माहेरपणाला म्हणून लेक इथं चिकलठाण्याला आली आणि मोबाइलवर बोट सरकवत सरकवत तिनं मला सगळं बेट दाखवलं. समुद्र, नारळी, आणि एक हिरवीगार टेकडी. त्या टेकडीवर त्यांना एक गाइड घेऊन गेला होता. दोन तासांची चढण, वाटेत जळवा, अंगाला घामाच्या धारा, आणि वर पोचल्यावर चहूकडं निळं पाणी. "गाइड म्हणाला, ते बघा, त्या तिकडं दुसरं बेट दिसतंय," लेक सांगत होती, "आम्हाला तर धुक्याशिवाय काही दिसलं नाही गं आई. पण त्यानं इतक्या हौसेनं बोट दाखवलं, की आम्ही आपलं हो हो म्हटलं." ती हसली, तिला सोडायला आलेले जावई हसले, दहा वर्षांची नातही हसली. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. साठी उलटलेल्या बाईनं दुसऱ्याच्या सहलीचे फोटो बघून रडावं, हा काय वेडेपणा! पण रडले खरी.

ते बोट माझ्या ओळखीचं होतं. माझे वडील उमेदीची सगळी वर्षं तेच काम करत होते. आमचं घर खुलताबादच्या वेशीबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. घर कसलं, दोन खोल्या, पुढं पडवी आणि पडवीत चूल. मागच्या दारातून एक पायवाट टेकडीवर जायची. त्या टेकडीला सरकारी कागदावर काय नाव होतं देव जाणे, गावात तिला सगळे 'नजारा' म्हणायचे. लेणी बघून पाय दुखलेले, दर्ग्यात फुलं वाहून आलेले, मारुतीला नारळ फोडून आलेले लोक टांगेवाल्याला विचारायचे, आणखी काय बघण्यासारखं आहे हो इथं? टांगेवाला आमच्या दाराशी आणून सोडायचा. मग अण्णा, म्हणजे वडील, डोक्याला रुमाल गुंडाळून काठ्यांची मोळी घेऊन बाहेर यायचे. प्रत्येक पाहुण्याला त्याच्या उंचीची काठी. काठी हातात आली की माणूस कुरकुर करत नाही, असं त्यांचं म्हणणं. वाटेत पहिला थांबा सीताफळीच्या झाडीत आणि दुसरा दमाच्या दगडापाशी. हा दगड सपाट होता, चार माणसं बसतील एवढा, आणि तिथं बसून श्वास जाग्यावर आला की अण्णा बजावायचे, "आता वर पोचेस्तोवर मागं वळून बघायचं नाय, साहेब. बघितलं तर नजारा शिळा व्हतो." लोक लहान लेकरासारखे ऐकायचे. मोठमोठे साहेब मान खाली घालून चढायचे आणि वर गेल्यावर अण्णांनी "आता वळा!" म्हटलं की सगळे एकदम वळायचे आणि "अहाहा" करायचे. ते "अहाहा" वारं खालच्या बाजूला असलं की आमच्या पडवीत ऐकू यायचं.

अण्णांना हे काम शिकवलं करीमचाचांनी. त्यांच्या आधी तेच लोकांना वर न्यायचे. गुडघे गेले तेव्हा त्यांनी काठ्यांची मोळी अण्णांच्या हातात दिली आणि एकच नियम सांगितला. तो नियम अण्णा आम्हाला चाचांच्याच बोलीत ऐकवायचे. "आदमी थकके ऊपर आता रे. उसकू 'नै दिखता' कब्बीच मत बोलना. उसने पूछा मेरा गाँव किधर, तो उंगली कर. अल्ला की जमीन है, उधर कुछ ना कुछ तो दिखताच है." अण्णांनी हा नियम पाळला. कुणी म्हणालं आमचं वैजापूर कुठं, की बोट पश्चिमेला. कुणी म्हणालं जालना, की बोट उगवतीला. एक बाई मुंबईची होती, तिलाही त्यांनी क्षितिजावरची एक काळी रेघ दाखवली. खोटं म्हणावं तर दिशा खरी असायची. खरं म्हणावं तर दिसत काहीच नसायचं.

लोक खाली आले की जेवण आमच्याकडं. माय धपाटे थापायची. ज्वारी, बेसन, थोडी कणीक, तीळ, कोथिंबीर, ओल्या फडक्यावर थापलेले आणि तव्यावर टाकल्यावर चर्र वाजणारे. सोबत दही, ठेचा, आणि थंडीचे दिवस असले तर येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी. तिच्या येसराचा वास टांग्याच्या थांब्यापर्यंत जायचा. मायला दम्यासारखी धाप लागायची. तो दमा नव्हता, काळजाची झडप बिघडलेली होती, हे शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. चढउतार करू नका, जड उचलू नका. डॉक्टरांचं काय जातंय! पाण्याची घागर त्यांच्या घरात दुसरं कुणी उचलत असेल, आमच्या घरात तीच उचलायची. पण टेकडी मात्र ती कधी चढली नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासू होती, मग मी झाले, मग ही धाप. घरामागं जग बघायला लोक येत होते आणि ती चुलीपुढं बसून त्यांच्या तोंडून जग ऐकत होती. धपाट्याचा तुकडा मोडता मोडता कुणी म्हणायचं, "वहिनी, आमचं गाव दिसलं हो!" दुसरं म्हणायचं, "मला तर आमच्या कारखान्याची चिमणी दिसली." माय पदरानं तोंड पुसायची आणि विचारायची, "लई लख्ख दिसलं का?" आणि ते म्हणायचे, एकदम लख्ख. लोकांनाही, मला वाटतं, नाही म्हणवत नसावं.

आता तिच्या माहेराचं सांगायला पाहिजे. तिचं माहेर बोरथडी, खाली गोदेच्या काठावर. मी तिथं दोनदाच गेले, फार लहान होते. एक चिंच, घाटाच्या पायऱ्या आणि मामाच्या अंगाला येणारा ओल्या गवताचा वास, एवढंच आठवतं. मग पैठणाकडं मोठं धरण झालं आणि बोरथडी पाण्याखाली गेलं. गावातली माणसं जिकडं जागा मिळाली तिकडं पांगली. मामा कुटुंब घेऊन ऊसतोडीला गेला तो तिकडंच कुठंतरी राहिला, सुरुवातीला पत्र यायचं, मग तेही थांबलं. आमच्याकडं रीत अशी, की सासुरवाशीण आपण होऊन माहेरी जात नाही. पंचमीला, दिवाळीला भाऊ नाहीतर भाचा न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मायचा मुराळी यायचा बंद झाला. दर पंचमीला ती नवी बांगडी भरायची, वेणी घालायची आणि दुपारपर्यंत पडवीत रस्त्याकडं तोंड करून निवडणटिपण करत बसायची. दुपारनंतर उठून चुलीकडं वळायची. अण्णा एकदा म्हणाले, "अगं, मी नेतो की एस्टीनं. धरणाच्या काठाला उभं ऱ्हाऊ, बघून येऊ." तर म्हणाली, "नवऱ्यासंगं कुणी म्हायेराला जातं व्हय? आन् न्यायला कुणी आलं नाय तर जायचं कुणाच्या दारात?" असल्या बाबतीत तिच्यापुढं कुणाचं चालत नसे.

पण लांबून बघायला मुराळी लागत नाही, हे तिच्या डोक्यात कधी आलं कोण जाणे. एवढ्या लोकांना आपली गावं दिसतात, मग आपल्याला आपल्या गावावरचं पाणी का दिसू नये? तिनं अण्णांच्या मागं टुमणं लावलं. एकदा मला वर न्या. अण्णा म्हणायचे, तुझी छाती. ती म्हणायची, बसत बसत जाईन. अण्णा म्हणायचे, आत्ता हवा साफ नाय, थंडीत जाऊ. थंडी आली की म्हणायचे, गिऱ्हाइकं लई हायेत, उन्हाळ्यात जाऊ. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. मला अण्णांचा राग यायचा. सगळ्या दुनियेला वर नेतात आणि घरच्या माणसाला नाही! आता वाटतं, त्यांना छातीची भीती होतीच, पण खरी भीती वेगळी होती. परक्यांपुढं बोट करणं सोपं असतं. वरून धरण दिसत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मायला वर नेलं असतं तर तिच्या तोंडावर "नाही दिसत" म्हणावं लागलं असतं, नाहीतर तिच्याशी खोटं बोलावं लागलं असतं. ते दोन्ही त्यांना नको होतं.

मग ती कोरडी वर्षं आली. पहिल्या वर्षी विहिरीचं पाणी तळाला गेलं, दुसऱ्या वर्षी विहिरीत माणूस उतरून वाटीनं पाणी भरायला लागला, तिसऱ्या वर्षी टँकर. टँकर आला की सगळ्या गल्लीतून भांड्यांचा जो आवाज उठायचा, तो मला अजून स्वप्नात ऐकू येतो. सीताफळीला फळ धरेना, गुरं छावणीत गेली, टेकडी पिवळी होती ती करडी झाली. रेशनवर तांबडी ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापता थापता फाटायची आणि माय तिला शिव्या द्यायची, "मुडदा बशिवला हिचा, हातात ठरंना!" बघायला येणारे लोक तर आटलेच. दुष्काळात कोण कुणाचा नजारा बघायला येतंय! अण्णा तलावाच्या सरकारी कामावर माती उपसायला जायला लागले. काठ्यांची मोळी पडवीच्या कोपऱ्यात तशीच, तिला कोळिष्टकं धरली. त्याच काळात शहर मात्र वाढत होतं. गावातली तरणी पोरं चिकलठाण्याला कारखान्यात लागली, रोज सकाळी एस्टीला लोंबकळत जायची. अण्णा पूर्वी लोकांना वरून सांगायचे, "ते शहर, आन् त्याच्या पल्याड चिकलठाणा, विमान उतरतं बगा तिथं." आता सांगायला ऐकणारं कुणी नव्हतं आणि दाखवायला तिकडं रोज नवं काहीतरी उगवत होतं.

माघातली सकाळ होती. तलावाच्या कामाला त्या दिवशी सुट्टी होती. अण्णा पडवीत बसून बिडी ओढत होते. माय आतून आली, नऊवारी नेसलेली, ठेवणीतली हिरवी, कपाळावर मोठं कुंकू. कोपऱ्यातल्या मोळीतून तिनं एक काठी उपसली, पदरानं पुसली आणि अण्णांपुढं उभी राहिली.

"चला. आज गिऱ्हाईक नाय ना? मग मी तुमची गिऱ्हाईक."

"अगं, येडी का खुळी तू? हवा बग कशी हाय, समदा धुरळा..."

"माझ्या वाटंला हवा कदी साफ व्हायची?" ती म्हणाली. "आज नाय तर मग नायच बगा."

ती हे रडून म्हणाली असती तर अण्णांनी समजूत घातली असती. ती हसून म्हणाली. अण्णांनी बिडी विझवली, रुमाल डोक्याला गुंडाळला आणि मला हाक मारली, "सुमन, पाण्याची किटली घे गं." आणि मग मायकडं वळून, जसे ते मोठ्या साहेबांपुढं वाकायचे तसे वाकून म्हणाले, "या पाव्हण्याबाई, संभाळून या." माय लाजली. इतकी लाजलेली मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती आणि नंतर तर प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी अण्णांनी एकही गोष्ट वगळली नाही. सीताफळीच्या झाडीत थांबून त्यांनी तिला झाडांची सगळी कहाणी सांगितली. ती तिनं पडवीत बसून शंभर वेळा ऐकलेली होती, तरी "व्हय का? अगं माय!" करत ऐकली. दहा पावलं चालायची, थांबायचं. पुन्हा आठ पावलं, थांबायचं. तिचे ओठ निळसर झाले होते. अण्णा मध्येच म्हणाले, "इथूनबी ब्येस दिसतंय, बसू का इथंच?" तर म्हणाली, "गिऱ्हाइकाला फसवू नका." दमाच्या दगडावर ती आडवीच झाली. तिच्या छातीतला आवाज मला ऐकू येत होता, जुन्या भात्यासारखा. मी घाबरून अण्णांकडं बघितलं, त्यांचं लक्ष तिच्याकडंच होतं. बऱ्याच वेळानं ती उठून बसली, किटलीतलं दोन घोट पाणी प्याली आणि म्हणाली, "म्हना की आता." अण्णांना कळेना. "ते मागं वळून बघायचं नाय म्हन्ता ते. म्हना की." अण्णांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आता वर पोचेस्तोवर मागं बघायचं नाय, बाईसायब. बघितलं तर नजारा शिळा व्हतो." तिनं मान हलवली आणि खाली बघत चढायला लागली. शेवटच्या चढाला अण्णांनी तिला जवळजवळ उचललीच.

"आता वळा," अण्णा म्हणाले.

माय वळली. तिनं "अहाहा" केलं नाही. ती नुसती बघत राहिली. खाली आमचं घर, पडवी, वाळत घातलेलं लुगडं. पलीकडं खुलताबादचे घुमट, त्याच्या पलीकडं करडी रानं, एकाही रानात हिरवं नाही, आणि मग धुरळ्याचा पडदा. "येवढं असतं व्हय," एवढंच म्हणाली. मग तिनं विचारलं, "बोरथडी कंच्या अंगाला आलं?"

बोरथडी दक्षिणेला. मला ठाऊक होतं, शाळेत नुकतंच आम्हाला दिशा आणि नकाशा शिकवला होता आणि गुरुजींनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली होती. अण्णांनी दक्षिणेकडं पाहिलं. तिकडं काहीच नव्हतं. धुरळाच धुरळा. त्यांचा हात वर आला, थांबला आणि मग हळूहळू डावीकडं सरकला. तिकडं, लांब, उगवतीच्या अंगाला काहीतरी चमकत होतं. उन्हात पाणी चमकतं तसंच, लांबट, पांढरं, डोळे दिपवणारं. "त्ये बग," अण्णा म्हणाले. "चमकतंय न्हवं, त्ये."

मायच्या तोंडावर जे उजळलं ते मला सांगता येणार नाही. तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत तिनं घरून आणलेलं होतं, हळदकुंकवाची पुडी, एक खण, आणि मूठभर ज्वारी. तांबडी नव्हे, आमच्या रानातली पांढरी, बियाण्यासाठी ठेवलेल्यातली. दगडावर खण पसरून तिनं गोदामाईची ओटी भरली, त्या चमकण्याकडं तोंड करून हळदकुंकू वाहिलं, आणि हात जोडून डोळे मिटून ओठातल्या ओठात बोलायला लागली. मला तुटकतुटक ऐकू येत होतं. चिंचेचं नाव घेतलं, आईचं घेतलं, भावाला म्हणाली, "जिथं हायेस तिथं सुखी ऱ्हा रं बाबा." अण्णा तोंड फिरवून उभे होते.

तिनं डोळे उघडले आणि तेवढ्यात सकाळचं विमान आलं. आमच्या डोक्यावरून नाही, लांबून, बारीक घोंगावत. खाली खाली होत गेलं आणि त्या चमकण्यातच शिरलं. मायनं भुवया उंचावल्या. भाबडेपणानं विचारलं, "अव्हं, विमान पान्यात उतरतंय व्हय?"

अण्णा बोलले नाहीत. बोलायला पाहिजे होतं त्यांनी. काहीही बोलले असते, तर मी गप्प बसले असते. आजही कधी कधी त्यांच्यावर माझा जीव चिडतो तो त्या एका क्षणासाठी. पण बोलले मी. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींनी वही दाखवलेली, अंगात शहाणपण भरलेलं, आणि जीभ तर माझी जन्मापासूनच हातभर.

"पाणी नाय माय ते! कारखान्याचे पत्रे हायेत. चिकलठाणा हाय ते. बोरथडी तर दक्षिणेला, हिकडं. अण्णाच सांगतेत ना सगळ्यांला, विमान उतरतं ते चिकलठाणा म्हणून!"

बोललेला शब्द परत गिळता येत असता तर माणसानं दुसरं काही मागितलं नसतं. मायचे हात अजून जोडलेलेच होते. तिनं ते हळूच सोडले. अण्णांकडं बघितलं, आणि अण्णांनी मान खाली घातली. ती रागावली नाही. मी वाट बघत होते, एक थोबाडीत मारील, म्हणेल लई शहाणी झालीस. तिनं तसलं काही केलं नाही. ती परत त्या चमकणाऱ्या पत्र्यांकडं बघायला लागली आणि म्हणाली, "असू दे. तिथं बी कुनाचं तरी म्हायेर असंल."

ओटी तिनं उचलली नाही. तशीच दगडावर ठेवली. उतरताना अण्णा पुढं, ती मध्ये त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, मी मागं रिकामी किटली घेऊन. दमाच्या दगडापाशी ती दोघं बसली आणि माय मला म्हणाली, "तू हो म्होरं, चुलीत जाळ घाल." मी पळतच खाली आले. त्या दिवशी तिनं येसराची आमटी केली. मी दोनदा वाढून घेतली, तिच्याकडं बघायचं टाळण्यासाठी ताटात तोंड घालून. नंतर त्या विषयावर तिनं माझ्याशी एक अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. रोज ठरवायचे, उद्या म्हणेन, माय, चुकलं. वैशाखात, टँकरच्या रांगेतून आल्यावर, ती पडवीत भिंतीला टेकून बसली आणि तशीच गेली. घागर शेजारी भरलेली होती. त्या वर्षीचा पाऊस तिनं पाहिला नाही. माझं म्हणायचं राहून गेलं.

अण्णांनी काठ्यांची मोळी चुलीत घातली. एकेक काठी. पावसापाण्याचं बरं झाल्यावर टांगेवाले पुन्हा दारात यायला लागले, तर अण्णा आतूनच म्हणायचे, "वर काय दिसत नाय आता." करीमचाचा समजवायला आले, त्यांचंही ऐकलं नाही. मग ओळखीनं त्यांना एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमनचं काम मिळालं आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. कुठं, तर चिकलठाण्याला. त्याच पत्र्यांच्या सावलीला. पहिल्या दिवशी भोंगा वाजला आणि मी दचकून अण्णांकडं बघितलं, अण्णा माझ्याकडं बघत होते. आम्हाला दोघांनाही एकच गोष्ट आठवली होती. तिला टेकडीनं मारलं असं त्यांना वाटायचं. माझ्या बोलण्यानं मारलं असं मला वाटायचं. एका छपराखाली वीस वर्षं आम्ही दोघं आपापलं पाप असं झाकून राहिलो. त्याच वर्षांत माझं लग्नही इथल्याच कारखान्यातल्या माणसाशी झालं, अण्णा आमच्याकडंच राहिले, घर इथंच बांधलं, लेक इथंच झाली.

अण्णांच्या शेवटच्या आजारपणात एकदा मी त्यांचे पाय चेपत होते. ते एकदम म्हणाले, "सुमन, तिला ठाव व्हतं गं." मी म्हटलं, काय? "दमाच्या दगडावर तुला म्होरं धाडलं न्हवं का, तवा बोलली. म्हन्ली, पोरीला बोलू नका. मला वर जायच्या आदीच ठाव व्हतं, पानी दिसायचं नाय म्हनून. मला तुमच्यासंगं वर जायचं व्हतं, येवढंच." एवढं बोलून ते भिंतीकडं वळले. मी तशीच त्यांचे पाय धरून बसले. खूप हलकं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मनात आलं, हा माणूस थकून आलेल्याला "नाही दिसत" कधी म्हणत नसे. मायनं खरंच असं म्हटलं होतं, की हे माझ्यासाठी केलेलं बोट होतं? विचारायचं धाडस झालं नाही, आणि आठवड्याभरात अण्णा गेले.

तर लेक आली होती ती चार दिवसांसाठी. निघायच्या दिवशी सकाळी मी वाळवण घालायला गच्चीवर गेले, नात मागोमाग आली. अंदमानची टेकडी तिच्या डोक्यातून गेली नव्हती. म्हणाली, "आजी, आई सांगते तुझे बाबापण गाइड होते. तुमची टेकडी कुठंय?" पूर्वी आमच्या गच्चीवरून मावळतीला डोंगराची रेघ दिसायची. आता समोर चौदा मजली इमारत उभी राहिली आहे, तिच्या अलीकडं आणखी दोन. मला ठाऊक होतं, दिसत नाही. तरी माझा हात वर गेला. "ती बघ," मी म्हटलं. "त्या तिथं, निळसर."

तिनं डोळे बारीक करून पाहिलं, टाचा उंचावून पाहिलं. मग माझ्याकडं वळून ठसक्यात म्हणाली, "काहीतरीच काय आजी! तिथं तर नुसती बिल्डिंग आहे. लोकांचे कपडे वाळतायत."

मी थांबले. पन्नास वर्षं मनात सलत होतं ते माझंच वाक्य समोरून आलं, तसंच, तेवढ्याच ऐटीत. आणि मला कुठंच दुखलं नाही. राग नाही, वाईट वाटणं नाही, काही नाही. पोरगी तरतरीत आहे, खोट्याला हो म्हणत नाही, याचं कौतुकच वाटलं उलट. तिला पोटाशी धरावंसं वाटलं आणि मी धरलं. मायला त्या दिवशी असंच वाटलं असेल का? मग सांगितलं का नाहीस गं माय, एवढंच सांगितलं असतंस. मी एवढं आयुष्य कशाला जाळलं असतं?

"आजी, रडतेस का?"

"नाय गं," मी म्हटलं. खाली रिक्षा येऊन थांबली होती, लेक बॅगा आणून ठेवत होती आणि निघायच्या आधी माहेरच्या उंबऱ्याला हात लावायला वाकली होती. मी त्या चौदा मजल्यांकडं पाहिलं. "असू दे. तिथंही कुणाचं तरी माहेर असेल."